अंगठ्याखाली

युफॉला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पेट्रोलपंपाला चिकटून
रॉयसचं दुकान. आत आमिषाच्या बारक्या माशांची टाकी गुरगुरते,
कालची कॉफी, आणि रबरी किड्यांना येतो तो
बडीशेपेचा वास.

काचेखाली रिळं, एकेकाला दिवा.
"बाईंसाठी हे बघा," म्हणतो, आणि जांभळं काढतो.
म्हटलं, पाण्यावर रंग कोण बघतंय, पोरा.
झाकण उघड.

त्याला वाटलं, विचारेन किती लांब जातं.
सगळे तेच विचारतात.
मला लांब नाही जायचं.
मला जायचंय पंधरा हात,
धरणात बुडालेल्या ओकच्या बुंध्याशी, कमळपानांच्या मधे
बशीएवढी काळी जागा आहे, तिथे.
डाव्या चिमटीत जिग धरायचा,
काठीचं टोक हलकेच उचलायचं, सोडायचा लंबकासारखा,
आणि त्याने पाण्याच्या वीतभर वरून जाऊन असं उतरावं
की आवाज
झोपलेल्या पोरावर चादर टाकल्याएवढा.

अशा फेकीत जोर नसतो. म्हणून फिरकी हवी उथळ, हलकी,
अर्ध्या औंसाच्या ओढीलाही लगेच जागी होणारी.
जड फिरकी उशिरा उठते, आणि उठली की ऐकत नाही.
जिग पाण्यात पोचला तरी ही आपली गरगरतेय,
मग दोरा उलटून स्वतःच्याच अंगावर येतो.
पक्ष्याचं घरटं म्हणतात इथे त्याला.
आम्ही गिरणीत काहीच म्हणत नव्हतो.
नावं ठेवायला वेळ कुठे होता? सोडवायचो.

एकतीस वर्षं, तिसरी पाळी, सूतकताई.
कान पहिल्याच दोन वर्षांत गेले.
त्यानंतर बॉबिनी अंगठ्याला ऐकू यायच्या:
कुठली डगमगतेय, कुठल्या धाग्याचा जीव
पुढच्या मिनिटाला जाणार.
मग एका शुक्रवारी मालकांनी आम्हाला अंगठा दाखवला.
यंत्रं उचलून नेली, जमिनीवर तेलाचे डाग तेवढे ठेवले.
माझा अंगठा
माझ्याबरोबर घरी आला.

रॉयस सांगतोय: आत चुंबकाचे ब्रेक, वीस खुणा.
"हे लावा, गुंता होतच नाही. अंगठा लागतच नाही, मिस ओपल."
मग मी काय करू तिथे, म्हटलं,
सँडविच खाऊ?

मूठ मात्र डाव्या अंगाला हवी. यात तडजोड नाही.
व्हेस्टर उजव्याने फेकायचा,
मग काठी डाव्या हातात घ्यायचा, मग उजव्याने गुंडाळायचा.
त्या अदलाबदलीत बास जिग थुंकून घरी गेलेला असायचा.
आणि बोट माझ्याकडे,
मागच्या खुर्चीत मी काहीतरी बोलले म्हणून.
बावीस वर्षं मागच्या खुर्चीत.
देव त्याचं भलं करो, पुढची खुर्ची आता माझी आहे.

चार रिळं घेतली. डोळे मिटले.
कळ दाबायची, फिरकीला नखाने टिचकी द्यायची,
आणि अंगठा नुसता जवळ न्यायचा, टेकवायचा नाही.
पहिलं खरखरलं. दुसरं आळशी.
तिसऱ्याची किंमत माझ्या महिन्याच्या औषधांएवढी,
ते नीट ऐकलंच नाही.
चौथं सुटलं ते थेट, बिनआवाजी,
मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे आठ,
आणि मी म्हणाले तेव्हा थांबलं.
डोळे उघडले.
जांभळं.

रॉयस काही बोलला नाही. शहाणा आहे.
पन्नास पौंडी वेणीचा दोरा भरून दिला,
आणि वीस खुणांचा ब्रेक मी त्याच्यादेखत
दोनवर आणून ठेवला.

संध्याकाळी त्याच बुंध्यापाशी
पहिल्याच फेकीला गुंता झाला.
हसू नका.
मोटार बंद केली, चष्मा शोधला,
मांडीवर घेतलं रीळ, एक-एक फास नखाने उचलत.
पाळी संपल्याचा भोंगा काही व्हायचा नव्हता.
कमळपानांखाली एकदा
कुणीतरी पाणी हलवलं.

थांब म्हटलं. येते.